हाकेच्या अंतरावरचे गाणे

हैदराबादहून सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर संगारेड्डी आणि सदाशिवपेठ (ही पुण्याची नव्हे) मागे पडली, की मोटारीतल्या रेडिओवरची शहरातली एफ.एम. केंद्रे एकामागून एक खरखरू लागतात. उमरगा हे माझ्या आईचे माहेर असल्यामुळे हा रस्ता वर्षातून दोनचारदा तरी घडतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका प्रवासात, दिवेलागणीनंतर जहीराबादच्या जवळपास, 90.4 वर एका प्रौढ बाईचा आवाज अवचित लागला. साथीला पेटी नाही, तबला नाही. ती एक ओळ म्हणे आणि पाचसहा बायका ती उचलत. मात्र तिची ओळ संपण्याची वाट त्या पाहत नसत. तिच्या शेवटच्या अक्षरावर यांचे पहिले अक्षर चढे. मध्येच कुठेतरी शेळी ओरडली आणि गाणे तसेच पुढे गेले. संपेपर्यंत पट्टी सुरुवातीपेक्षा चांगली अर्ध्या स्वराने वर गेली होती. ज्यांनी जात्यावर किंवा शेतात बायकांना बिनवाद्याचे गाताना ऐकले आहे, त्यांना ही वर चढणारी पट्टी परिचयाची असेल. वाद्याने बांधून न ठेवलेला गळा गाता गाता तापतो, तसा तो वर सरकतो. रेडिओवर मात्र मी ती प्रथमच ऐकत होते. हुमनाबादच्या दिशेने थोडे पुढे गेल्यावर आवाज विरळ झाला आणि गेला.

ते केंद्र म्हणजे ‘संघम् रेडिओ’. जहीराबादजवळच्या पस्तापूर येथून 1983 पासून काम करणाऱ्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेच्या स्त्री-संघांचे हे केंद्र माचनूर या गावी आहे. या संघांतील बायका बहुतेक दलित, अल्पभूधारक शेतकरी वा शेतमजूर. संस्थेच्या संस्थापकांपैकी पी. व्ही. सतीश (निधन 2023) हे पूर्वाश्रमीचे दूरदर्शनचे निर्माते. माध्यमांची ताकद आणि त्यांचा उर्मटपणा या दोहोंचा त्यांना आतून परिचय होता. युनेस्कोच्या साहाय्याने केंद्राची उभारणी 1990च्या दशकाच्या अखेरीसच झाली होती, परंतु प्रक्षेपणाचा परवाना नव्हता. तेव्हा या बायका गाणी आणि संभाषणे ध्वनिमुद्रित करीत आणि त्या फिती गावोगावच्या संघांच्या बैठकांत वाजवून दाखवीत. सुमारे दहा वर्षे हे असेच चालले. अखेर 15 ऑक्टोबर 2008 रोजी प्रक्षेपण सुरू झाले. केंद्र चालविणाऱ्या दोघींचेही नाव नरसम्मा. एक ‘जनरल’ नरसम्मा, दुसरी अल्गोल नरसम्मा. दोघी त्याच परिसरातल्या दलित कुटुंबांतल्या.

उद्घाटन झाले ते निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या हस्ते. मराठी वाचकाने हे नाव ध्यानात ठेवावे असे आहे. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून तिच्यावर सरकारची किंवा कोणाचीच मक्तेदारी असू शकत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 9 फेब्रुवारी 1995 रोजी दिला, तेव्हा ते त्या खंडपीठावर होते. खटला बंगालच्या क्रिकेट संघटनेचा होता, सामन्यांच्या दूरचित्रवाणी-प्रक्षेपणाचा. क्रिकेटच्या भांडणातून ज्वारीबाजरी पिकविणाऱ्या बायकांच्या गाण्याला वाट मिळावी, ही गंमतच आहे. अर्थात ती वाट लगेच मोकळी झाली नाही. 2002च्या धोरणाने अशी छोटी केंद्रे चालविण्याची मुभा केवळ शिक्षणसंस्थांना दिली. स्वयंसेवी संस्थांना ती मिळाली नोव्हेंबर 2006 मध्ये. 2024 साली देशातील सामुदायिक रेडिओ केंद्रांची संख्या पाचशेच्या घरात पोचली.

2006च्या नियमांत दोन गोष्टी लक्षणीय होत्या. निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने तयार झालेले असावेत, ही एक. दुसरी, प्रक्षेपणाची शक्ती सर्वसाधारणपणे शंभर वॅट आणि मनोऱ्याची उंची तीस मीटर यांपलीकडे जाऊ नये. म्हणजे आवाज दहापंधरा किलोमीटरांपुढे नीट पोचत नाही. माळरान सपाट असेल तर थोडा अधिक. ही मर्यादा घालताना सरकारच्या मनात लोकगीतांचा विचार नसणार. तथापि लोकसंगीताच्या दृष्टीने या माध्यमाचे सर्वांत मोठे मोल मला त्या मर्यादेतच दिसते.

गाणारणीला तिचे श्रोते ओळखतात आणि ती त्यांना ओळखते. ती गाते ते गाणे त्यांच्याही घरात आहे, कदाचित एका कडव्याच्या फरकाने. तिने एखादी ओळ गाळली, चाल लांबविली, दुसऱ्या गावची सरमिसळ केली, तर दुसऱ्या दिवशी पाण्यावर वा बांधावर कोणीतरी तिला ते सांगणारच. मौखिक परंपरेत समीक्षा ती हीच. तिला ग्रंथ नाहीत, परीक्षक नाहीत. जाणत्या कानांची टोचणी आहे. हाकेच्या अंतरावरचा रेडिओ ही टोचणी शाबूत ठेवतो. मोठ्या रेडिओने नेमकी हीच घालविली होती, असे माझे म्हणणे आहे.

मोठ्या रेडिओविषयी आपल्या घरांतून कृतज्ञता आहे आणि ती योग्यच आहे. फाळणीनंतर भारताच्या वाट्याला ऑल इंडिया रेडिओची सहा केंद्रे आली. त्यांखेरीज संस्थानांची स्वतःची पाच होती: म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद, औरंगाबाद आणि वडोदरे. या पाचांतील तीन नावे वाचताना आपल्या वाचकांपैकी अनेकांचा ऊर भरून येईल. येथला डेक्कन रेडिओ मुख्यतः उर्दूचा, तरी तेलुगू, मराठी आणि कन्नड यांनाही त्यावर वेळ होती. 1950 साली तो केंद्र सरकारकडे गेला. पुढे 1952 ते 1962 या काळात नभोवाणीमंत्री होते ते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, मराठी गृहस्थ. सिनेसंगीताला त्यांनी रेडिओवरून जवळजवळ हद्दपार केले आणि अभिजात गायकवादकांना मानाचे स्थान दिले, हे सर्वश्रुत आहे. त्याबरोबरच कलावंतांची चाचणी आणि श्रेणी यांची पद्धत रुजली, आणि ती लोकसंगीतालाही लागू झाली.

शास्त्रीय गायकाची चाचणी तज्ज्ञांनी घ्यावी हे समजू शकते. कांडणाचे गाणे म्हणणाऱ्या बाईची चाचणी कोणी घ्यायची? आणि कशाची? सुरात आहे की नाही, याची घेतली तर ती चढत्या पट्टीवरच नापास. उच्चार शुद्ध आहेत की नाहीत, याची घेतली तर बोलीवर नापास. मग ‘लोकगीत’ म्हणून आपल्याला बहुधा जे ऐकू आले, ते सुशिक्षित गळ्यांनी, बासरी-मेंडोलिनच्या तुकड्यांसह, ठरलेल्या मिनिटांत बसविलेले गाणे. त्यात गोडवा होता. मी लहानपणी ते आवडीने ऐकले आहे. आकाशवाणीने शाहीर, गोंधळी, भारुडकार यांनाही माइकपुढे आणले, विठ्ठल उमपांसारखा अस्सल गळा घरोघर पोचविला, हेही विसरता येत नाही. परंतु शाहीर हा मुळातच सभेचा कलावंत. अपरिचितांपुढे गाणे हा त्याचा धर्मच. जात्यावरच्या बाईचे तसे नाही. तिचे गाणे दूरच्या, अनोळखी श्रोत्यासाठी सजविले गेले, तेव्हा ‘असे नाही’ म्हणण्याचा अधिकार असलेली शेजारीण त्या व्यवहारातून बाहेर पडली.

आपल्या ओवीचे काय झाले, ते या प्रकाशात पाहण्यासारखे आहे. ओवीचा संग्रह करण्यात मराठी माणूस मागे राहिला नाही. साने गुरुजींचे ‘स्त्री जीवन’ 1940चे. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीमार्फत खंडामागून खंड काढले. हेमा राईरकर आणि गी पॉतवें यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून लाखाहून अधिक ओव्या उतरवून घेतल्या, त्यांतील काही हजारांचे ध्वनिमुद्रणही केले. 2017 पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहाने त्या क्रमाने लोकांपुढे ठेवल्या. हे शेवटचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण त्यात गळा आहे. छापलेली ओवी ही दोन-चार चरणांची आटोपशीर रचना दिसते. प्रत्यक्षात गाणारी बाई पहिला चरण मध्येच मोडते, अर्धा पुन्हा घेते, ‘गं बाई’सारखी भर घालून जात्याच्या फेऱ्याशी तो जुळविते, आणि समोर खुंटा धरून बसलेली दुसरी बाई तो उचलते. छापताना ही मोडतोड आपण ‘अनावश्यक’ म्हणून काढून टाकली. माझ्या आजीच्या दीडशेवर ओव्या आईने एका वहीत सुवाच्य अक्षरांत उतरवून ठेवल्या आहेत. वही माझ्या कपाटात आहे. त्यांतील एकीचीही चाल मला ठाऊक नाही. आईलाही ती सलग कधी म्हणता आली नाही. तिच्या लग्नाआधीच घरात पिठाच्या गिरणीचे दळण सुरू झाले होते.

महाराष्ट्रातही आज असे छोटे रेडिओ आहेत. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातील म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ 2008 पासूनची. गजीनृत्याच्या आणि धनगरी ओव्यांच्या त्या मुलखात स्थानिक गळ्यांना तिने माइक दिला. ते ऐकण्याचा योग मला आला नाही, कारण म्हसवडचा आवाज हैदराबादला पोचत नाही. आणि माझ्याच वरच्या प्रतिपादनाप्रमाणे तो पोचू नये हेच बरे.

संघम् रेडिओकडे परत येते. त्याच्या भाषेविषयी लिहिले नाही तर हा लेख अपुरा राहील. हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना तेलुगू दोन प्रकारची ऐकू येत आली: वृत्तपत्रांची, चित्रपटांची आणि आकाशवाणीची किनारपट्टीकडील तेलुगू, आणि घरी कामाला येणाऱ्या बाईची, भाजीवाल्याची, उर्दू मिसळलेली तेलंगणी. दुसरी चित्रपटांत यायची ती बहुधा विनोदी पात्राच्या किंवा गुंडाच्या तोंडी. संघम् रेडिओवर निवेदन, मुलाखत, गाणे सर्व याच बोलीत चालते आणि त्याबद्दल कोणी दिलगिरी व्यक्त करीत नाही. ते ऐकताना मला थोडा मत्सर वाटला, हे कबूल केले पाहिजे. आपली हैदराबादी मराठी, ‘मी येऊन राहिले’ म्हणणारी, ‘जल्दी’ आणि ‘मगर’ सर्रास वापरणारी, कोणत्या केंद्रावरून कधी सन्मानाने ऐकू आली? पुण्याच्या पाहुण्यांपुढे ती आपण स्वतःच आवरून धरतो. इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांचा अनुभव याहून निराळा नसावा.

आता एक साम्य. भाद्रपद अमावस्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत तेलंगणात बतुकम्मा असतो. तंगेडू (आपली तरवड), गुनुगू (आपला कुर्डू) अशी रानफुले थराथरांनी रचून त्याभोवती बायका फेर धरतात, टाळ्या वाजवीत गाणी म्हणतात; एक सांगते, बाकीच्या धरतात. त्याच सुमारास आपल्याकडे हादगा, भोंडला. तोच फेर, मध्ये हत्ती. सासर-माहेराची तीच रड आणि तीच थट्टा. शेजारशेजारच्या अंगणांत हे दोन्ही फेर चाललेले मी सुलतानबाजारात पाहिले आहेत. 2014 साली तेलंगण राज्य झाले आणि बतुकम्मा राज्याचा सण झाला. त्याचा आनंद रास्त होता, पण शहरात आता ध्वनिवर्धकांच्या भिंतींवरून येणारा बतुकम्मा ऐकवत नाही. ताल इतका जलद, की टाळी आणि पाऊल यांच्यामध्ये वाकायलाही अवकाश उरत नाही. 2021 साली तर ए. आर. रहमान यांनी स्वरबद्ध केलेले बतुकम्माचे गाणे मोठ्या थाटात आले. उत्तम ध्वनिमुद्रण, देखणे चित्रण. पण त्यात शेजारणीने दुरुस्त करावे असे काही शिल्लक ठेवलेले नाही. संघम् रेडिओवर मी ऐकलेला बतुकम्मा संथ होता. एकदोनदा कडव्यांचा क्रम चुकला, कोणीतरी मागून सांगितला, आणि सगळ्या हसल्या. ते हसू कोणी कापून टाकले नव्हते.

इतके कौतुक केल्यावर दोष सांगणे भाग आहे. ही केंद्रे चालवितात त्या संस्थांना काही कार्य करायचे असते: बियाणे, आरोग्य, शिक्षण, स्त्रियांचे हक्क. कार्य चांगले असते. परंतु त्यापायी जुन्या चालींवर नवी बोधगीते बसविण्याचा मोह अशा सर्वच केंद्रांना होतो. चाल ओळखीची असल्याने गीत लवकर रुजते, हा त्यामागचा हिशेब. त्यात एक धोका मला स्पष्ट दिसतो. बायकांच्या गाण्यांत सवतीला दिलेल्या शिव्या आहेत, नवऱ्याची आठवण आहे, देवाशी भांडण आहे, अगदी निरर्थक शब्दखेळही आहेत. बोधाच्या चाळणीतून यातले काय उरेल? पेरणीच्या गाण्यात बियाण्याचे नाव असणे वेगळे आणि बियाणे जपा असे सांगणे वेगळे. संघम् रेडिओवर या दोहोंतली पहिली जात अजून भरपूर ऐकू येते, कारण तिथे बीजसंवर्धन हा बाहेरून आलेला विषय नसून त्या बायकांचा रोजचा व्यवहार आहे. तरीही काही गाण्यांत मला बैठकीचा ठराव ऐकू आला, आणि तिथे गळाही किंचित सपाट झाला होता. दुसरा दोष माध्यमाचाच. कामाचे गाणे कामाविना गायले की त्याचा श्वास बदलतो. खुरपणीत वाकलेले शरीर ओळ जिथे तोडते, तिथे ती चटईवर बसलेले शरीर तोडीत नाही. यावर उपाय एकच, शेतात जाऊन ध्वनिमुद्रण करणे. तो कष्टाचा आहे.

स्पर्धेचा मार्ग मात्र मला मुळीच पटत नाही. ओरछ्याच्या ‘रेडिओ बुंदेलखंड’चे उदाहरण झाशी-ग्वाल्हेरच्या वाचकांना जवळचे वाटेल. डेव्हलपमेंट आल्टरनेटिव्ह्ज या संस्थेचे हे केंद्रही ऑक्टोबर 2008 मधलेच. दूरचित्रवाणीवरील गाजलेल्या स्पर्धेच्या धर्तीवर त्यांनी ‘बुंदेली आयडॉल’ शोधण्याचा कार्यक्रम केला. त्याचा लाभ नाकारता येत नाही: बुंदेलीत गाण्याची लाज वाटणारी मुले त्या निमित्ताने माइकपुढे आली. पण स्पर्धेला विजेता लागतो, आणि विजेता ठरवायला तुलना लागते. फाग किंवा राई दोनतीन मिनिटांत रंगते, टाळी घेते. यात्रेच्या वाटेवर दूरवर स्वर सोडीत म्हटल्या जाणाऱ्या लमटेऱ्याने काय करावे? तो सावकाशच उलगडतो. त्याला चालणाऱ्यांची रांग लागते, पुढच्याचा स्वर मागच्याने झेलावा लागतो. असे गाणे स्पर्धेत हरत नाही. ते स्पर्धेला येतच नाही. म्हणजे पुन्हा परीक्षक आला, पुन्हा श्रेणी आली. आकाशवाणीचा दिवाणखाना आपण फक्त गावात हलविला.

कोणी म्हणेल, गाणी जपली जाणे महत्त्वाचे, मग ती पुस्तकात असोत, संग्रहात वा स्पर्धेत. मी तसे मानीत नाही. संग्रहातली ओवी अभ्यासकाला उपयोगी; तिच्यावर प्रबंध होईल. पण ती चुकीची म्हटली गेली, तर चुकली असे सांगणारा कान संग्रह देऊ शकत नाही. तो कान गाणाऱ्यांच्या वस्तीतच तयार होतो आणि वस्ती पांगली की जातो. आपण पांगलेल्या वस्तीचे लोक. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी आपले पूर्वज फौजेबरोबर, दफ्तराबरोबर, पौरोहित्यासाठी इकडे आले, तेव्हा बायकांनी ही गाणी बरोबर आणली आणि परक्या भाषेच्या गराड्यात ती टिकवली. आपण त्यांचे शब्द तेवढे पुढे नेले.

मागच्या नवरात्रात आमच्याकडील एका मंडळाचा भोंडला होता. गाण्यांच्या झेरॉक्स प्रती वाटल्या होत्या आणि ध्वनिवर्धकावर एक मुलगी छान म्हणत होती. कडेला खुर्चीवर बसलेल्या चौऱ्यांशी वर्षांच्या एक बाई, मूळच्या बीदरकडच्या, दुसऱ्या गाण्याला म्हणाल्या, “अगं, हे असं नाही. आमच्याकडे हे असं म्हणत नव्हते.” मुलीने नम्रपणे उत्तर दिले, “आजी, कागदावर असंच आहे.” कागदावर अर्थातच चाल नव्हती. आजींनी मग हलक्या आवाजात आपली चाल धरली. मी मोबाइल पुढे केला. चाळीस सेकंदांचे ते मुद्रण माझ्याजवळ आहे. दोन ओळी ऐकू येतात, तिसरी खिरापत ओळखण्याच्या गलक्यात बुडाली आहे. पुढच्या आठवड्यात आईची वही घेऊन मी त्यांच्या घरी गेले. वही बाजूला ठेवून त्यांनी ओवीची चाल डोळे मिटून तीन वेळा गुणगुणली, हात जात्याचा खुंटा फिरवावा तसा मांडीवर फिरत होता. शब्द मात्र त्यांना आठवले नाहीत. वहीतले शब्द मी एकेक करून त्या चालीवर ठेवू लागले. दोनदा त्यांनी मान हलवून ‘नाही’ म्हटले. तिसऱ्यांदा काहीच म्हणाल्या नाहीत, मी विचारल्यावर म्हणाल्या, “चालेल. उद्या ये.”